भोपळ्याचं मखमली फ्रेंच सूप: कणी कुठून येते आणि कशी जाते

प्रश्न असा आहे. बटरनट भोपळा, कांदा, स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून काढलेलं पाणी) आणि क्रीम घेऊन घरी फ्रेंच पद्धतीचं सूप केलं. चव छान आली, पण जिभेवर बारीक कणी लागत राहिली. पुढच्या खेपेला क्रीम दुप्पट घातलं, मिक्सरही जास्त वेळ फिरवला, तरी रेस्टॉरंटमध्ये मिळतो तसा रेशमी पोत काही आला नाही. चुकतंय कुठे?

क्रीमचा यात दोष नाही, आणि क्रीम वाढवून हे सुटणारही नाही. मी वीसेक वर्षं फ्रेंच पद्धतीच्या स्वयंपाकघरांत काम करतोय. त्यातली पहिली तीन वर्षं सूप आणि सॉसच्या शेगडीपाशीच गेली. तिथे हे सूप शेकडो वेळा केलं, आणि माझं मत पक्कं झालं की सगळा घोळ पाण्याचा असतो. भोपळा पाण्यात जितका मोकळा पोहतो, तितकं सूप रवाळ होतं. शिजवताना पाणी बेताचं, वाटताना त्याहूनही कमी, आणि सूप पातळ करायचं ते अगदी शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. भरपूर स्टॉकमध्ये फोडी उकळायच्या, आहे तसं सगळं मिक्सरमध्ये ओतायचं, आणि पातळ झालं म्हणून क्रीम घालून दाट करायला बघायचं.

या सूपला फ्रेंच लोक 'व्हलुते' म्हणतात, म्हणजे मखमली. जुन्या शास्त्रोक्त पाककलेत हा शब्द आधी एका सॉसचा आहे: बटर आणि मैदा जास्त रंग न येऊ देता परतायचा आणि त्यात पांढरा, म्हणजे हाडं न भाजता केलेला, स्टॉक घालून मंद आचेवर शिजवायचा. ऑग्युस्त एस्कोफिए या नामांकित फ्रेंच शेफनी १९०३ साली फ्रेंच स्वयंपाकाची जी घडी बसवून दिली, त्यात व्हलुते हा पायाभूत सॉसपैकी एक आहे. त्या सॉसच्या आधाराने केलेलं आणि शेवटी अंड्याचा बलक व क्रीम घालून बांधलेलं सूपही 'व्हलुते'च. आजच्या फ्रेंच घरात मात्र इतकं कोणी करत नाही. भाजी शिजवून, वाटून, गुळगुळीत केलेल्या कुठल्याही सूपला सर्रास व्हलुते म्हणतात. तुम्हाला हवंय तेही हे घरगुतीच. नाव पोतावरून पडलंय एवढं मात्र ध्यानात असू द्या. पोत साधला नाही तर ते भोपळ्याचं चांगलं सूप असेल, व्हलुते नव्हे.

आता भोपळा. यात निवडीने फार फरक पडतो. फ्रान्समध्ये शरद ऋतू लागला की या सूपासाठी मुख्यतः तीन प्रकार घेतात. 'पोतिरों' हा मोठा, नारिंगी, खाचांचा भोपळा. त्यातला 'रूज व्हिफ देतांप' हा जुना वाण पॅरिसच्या दक्षिणेच्या एतांप गावाचं नाव लावतो. दिसायला देखणा, पण गर पाणचट आणि रेषाळ. त्याचं सूप हलकं होतं, पण पाणी आटवण्याची मेहनत जास्त. दुसरा 'पोतिमारों', लहान, लालसर, घाटाने कांद्यासारखा. पोतिरों आणि मारों, म्हणजे चेस्टनट, हे दोन शब्द जोडून त्याचं नाव झालंय, आणि चव खरंच चेस्टनटच्या अंगाने जाते. गर कोरडा आणि पिठूळ. तिसरा तुमचा बटरनट, ज्याला फ्रेंचमध्ये 'दूबर' असंही म्हणतात. रेषा कमी, बियांची पोकळी लहान, गर एकसारखा. रेशमी सूप पहिल्यांदा जमवायचं असेल तर बटरनटच घ्या. सगळ्यात कमी त्रास देणारा तोच. हात बसला की अर्धा बटरनट आणि अर्धा पोतिमारों घेऊन बघा. एकाचा गुळगुळीतपणा आणि दुसऱ्याची चव, असं दोन्ही मिळतं. माझ्या मते या सूपची सगळ्यात चांगली जोडी हीच.

पोतिमारोंची साल शिजल्यावर मऊ होते आणि खाता येते, म्हणून पुष्कळ जण ती काढत नाहीत. रोजच्या सूपला चालेल. आपल्याला हवा तो पोत मात्र सालीसकट येत नाही, कारण सालीचे बारीक लाल ठिपके गाळणीतूनही उतरतात. सोला. बटरनट सोलतानाही पहिल्या पापुद्र्यावर थांबू नका. सालीखाली फिकट हिरवट रेघा दिसतात, तो थर चिवट असतो. दुसऱ्यांदा सोलाणं फिरवून निव्वळ नारिंगी गर दिसेपर्यंत काढा. घरच्या सूपातली निम्मी कणी मला या थरात सापडली आहे. कच्च्या बटरनटचा चीक हाताला लागून कातडी ताणल्यासारखी आणि कोरडी होते, म्हणून हातमोजे घातलेले बरे. साल फारच टणक असेल तर अख्खा भोपळा दोन-तीन ठिकाणी सुरीने टोचून दोन-तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. सुरी सहज चालते आणि घसरत नाही.

चिरल्यावर कच्च्या गराचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि भोपळा पूर्ण टाकून द्या. भोपळ्याच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. खायच्या वाणांत ती जवळजवळ नसतात, पण शोभेच्या कडू भोपळ्यांशी परागसंकर झालेल्या बियांपासून आलेल्या फळात ती परत येऊ शकतात. घरच्या बागेत बी राखून लावलेल्या भोपळ्यांत हा धोका जास्त. शिजवून ती जात नाहीत, आणि त्यांनी उलट्या-जुलाबांसकट माणूस चांगलाच आजारी पडतो. कडूपणा साखरेने किंवा क्रीमने झाकायला जाऊ नका.

माझं प्रमाण सहा जणांसाठी असं: सोललेला, बिया आणि धागे काढलेला गर १ किलो; लीकचा (कांद्याच्या कुळातली लांब दांड्याची भाजी) पांढरा भाग २०० ग्रॅम, किंवा तेवढाच पांढरा कांदा; बिनमिठाचं बटर ८० ग्रॅम, त्यातलं ५० परतायला आणि ३० शेवटी; पाणी ८०० मिलीलिटरच्या आसपास; दाट क्रीम १०० मिलीलिटर; मीठ एकंदर १२ ग्रॅम, पण टप्प्याटप्प्याने. पांढरी मिरी, जायफळ, लिंबू. बियांभोवतीचा तंतुमय भाग चमच्याने खरवडून पूर्ण काढायचा. फोडी अडीच-तीन सेंटिमीटरच्या, आणि सगळ्या सारख्या. लहान-मोठ्या झाल्या तर लहान विरघळतात, मोठ्या आतून घट्ट राहतात, आणि वाटताना तीच कणी होते.

लीकबद्दल एक गोष्ट. त्याच्या पापुद्र्यांत माती अडकलेली असते. उभा चिरून, पापुद्रे सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवा. सूपला येणारी कचकच कधीकधी भोपळ्याची नसतेच. मग आडवा, अगदी पातळ चिरा, म्हणजे त्याचे लांब धागे तिथेच तुटतात.

जाड बुडाच्या पातेल्यात ५० ग्रॅम बटर मंद आचेवर वितळवा. फेस यायला लागला की लीक आणि दोन चिमटी मीठ घाला. मिठाने लीकला पाणी सुटतं आणि तो तळला न जाता स्वतःच्या वाफेत मऊ होतो. फ्रेंच स्वयंपाकी या क्रियेला 'स्युए' म्हणतात, म्हणजे घाम फुटणं. शब्द अगदी चपखल आहे. झाकण उचललं की त्याच्या आतून थेंब ओघळायला हवेत, आणि पातेल्यातून चुरचुर ऐकू येता कामा नये. चुरचुर आली तर आच जास्त झाली. दहा-बारा मिनिटं लागतात. घाई केली की कडा तपकिरी होतात, आणि तो रंग आणि ती भाजकी चव पुढे कशानेच निघत नाही. लीक पारदर्शक होऊन चिमटीत दाबल्यावर निसटायला लागला की भोपळा घाला, आणखी थोडं मीठ घाला, हलवा आणि झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं तसाच घाम फुटू द्या. फोडींच्या कडा ओलसर, चमकदार दिसू लागतात. भोपळ्याचा खरा वास इथे सुटतो. नुसत्या पाण्यात उकडलेल्या भोपळ्याला तो कधी येत नाही, आणि तो कमी पडला म्हणून लोक स्टॉकच्या वड्या टाकतात.

पाणी की स्टॉक? मी पाणी घेतो. फ्रेंच घरांतही पुष्कळदा साधं पाणीच असतं. वडीच्या स्टॉकमध्ये मीठ आणि सेलरीची चव इतकी वरचढ असते की सगळ्या सूपांची चव एकसारखी होते. घरी केलेला, हलका, बिनमिठाचा चिकन स्टॉक असेल तर जरूर घ्या. काही जण अर्धं दूध घालून शिजवतात. दूध बुडाला लागतं, भाजीबरोबर उकळताना फाटूही शकतं. दुधाची चव हवी असेल तर ते वाटल्यावर, गरम करून घाला. पोतिरोंचं सूप फ्रेंच घरांत असं दुधाने सैल करायची पद्धत जुनीच आहे, आणि ती चांगली आहे.

पाणी आधीच उकळतं ठेवा आणि उकळतंच घाला. यामागे कारण आहे. भाजीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. भाजी शिजते म्हणजे हे पेक्टिन सैल होऊन पेशी सुट्या होतात. पण बऱ्याच भाज्या ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळल्या तर त्यांतलं एक विकर (एन्झाइम) जागं होतं, पेक्टिन कॅल्शियमशी जखडलं जातं आणि नंतर कितीही उकळलं तरी भाजी हट्टाने घट्ट राहते. गार पाणी ओतून हळूहळू तापवत बसणं हे त्याला आमंत्रण. आंबटाचंही तसंच. टोमॅटो, वाइन, लिंबू यांनी पेक्टिन टिकून राहतं. म्हणून शिजताना आंबट काहीही घालायचं नाही, थेंबभरही नाही. तुमच्या सूपमध्ये सुरुवातीला व्हाइट वाइन पडली असेल, तर कणीचं एक कारण तिथेच मिळालं.

पाणी किती? फोडी जेमतेम बुडतील इतकं. वरची एखादी फोड डोकं बाहेर काढून राहिली तरी हरकत नाही. झाकण किंचित तिरपं ठेवून मंद उकळीवर पंचवीस मिनिटं. मग बघायचं. सुरी आरपार गेली म्हणजे भोपळा शिजला, हे फोडी तशाच खायच्या असतील तेव्हा खरं. वाटायच्या भोपळ्याला पुढची परीक्षा लागते. सगळ्यात मोठी फोड बशीत काढा, जरा निवू द्या आणि अंगठा आणि तर्जनीत चिरडून चोळा. बोटांमध्ये काही जाणवलं, धागा असो की कणी, तर आणखी आठ-दहा मिनिटं शिजवा. काहीच न जाणवता ती बोटांवर लेपासारखी पसरली की झाला. बोटांना जे लागतं ते जिभेलाही लागणारच. जास्त शिजेल ही भीती बाळगू नका. दहा मिनिटं जास्त झाली तर रंग किंचित उतरेल, इतकंच. कमी शिजलेला भोपळा मात्र कितीही महागड्या मिक्सरला दाद देत नाही. पेशी सुट्या होण्याऐवजी त्यांचे गुच्छच्या गुच्छ तुटतात, आणि ते गुच्छ म्हणजेच तुमची कणी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पातेलं थेट मिक्सरमध्ये उपडं करू नका. मोठ्या भांड्यावर चाळण ठेवून सगळं त्यात ओता आणि पाच मिनिटं निथळू द्या. खाली जमलेलं नारिंगी पाणी जपून ठेवा, त्याचं काम पुढे आहे. पोतिरोंसारखा पाणचट भोपळा असेल तर निथळलेला गर परत कोरड्या पातेल्यात घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवत राहा. वाफ निघून जाते, गर बुडापासून सुटायला लागतो. बटरनटला याची गरज पडत नाही.

मिक्सरमध्ये निम्माच गर घ्या आणि पाती जेमतेम फिरतील इतकंच, म्हणजे पाऊण वाटीच्या आत, निथळलेलं पाणी घाला. दाट गर पात्यांवर दाबला जातो, तुकड्यांना पळायला जागा राहत नाही आणि ते एकमेकांवरही घासले जातात. पातळ द्रवात तेच तुकडे पात्याच्या भोवऱ्यात नुसते गरगरतात, कापले जातच नाहीत. तुम्ही मिक्सर दुप्पट वेळ फिरवूनही फरक पडला नाही तो यामुळे. हळू वेगावर सुरू करा, अर्ध्या मिनिटाने वेग वाढवत पूर्ण वेगावर न्या आणि तिथे दोन ते तीन मिनिटं राहू द्या. घड्याळ लावा, कारण अंदाजाने माणूस चाळीस सेकंदांत थांबतो. मिक्सर सांगतोही. सुरुवातीला आवाज खडबडीत, अडखळत येतो. मग तो एकसुरी होतो, मध्ये गुळगुळीत भोवरा पडतो आणि त्याच्या कडेवर दिव्याचा उजेड चमकायला लागतो. ती चमक आली की झालं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात गार बटरचे तुकडे, या निम्म्या गराला १५ ग्रॅम, एकेक करून सोडा. या वेगात बटर इतकं बारीक फुटून गरात मिसळतं की रंग एक छटा फिकट होतो आणि पोत जड न होता घसरता होतो.

इथे एक सावधगिरी, आणि ती कळकळीने सांगतोय. कामाच्या पहिल्याच वर्षी मी उकळता गर काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून मिक्सर पूर्ण वेगावर सुरू केला. आतल्या वाफेने झाकण उडालं आणि कोपरापर्यंत हात भाजला. तो डाग अजून आहे. जार अर्ध्याच्या वर भरू नका. झाकणाची मधली टोपी काढा, त्यावर जाड कापड दुमडून ठेवा, हाताने दाबून धरा आणि नेहमी हळू वेगावरूनच सुरू करा. तुमच्या जारच्या झाकणाला अशी टोपी नसेल तर गर कोमट होऊ द्या आणि मगच वाटा. थोडा वेळ जास्त फिरवावा लागेल, इतकंच.

हँड ब्लेंडरनेही होतं, पण त्याच्या मर्यादा मान्य करून. अरुंद, उंच भांडं घ्या, इथेही गर दाटच ठेवा, ब्लेंडरचं तोंड पूर्ण बुडलेलं ठेवून पाच मिनिटं सावकाश फिरवा. वर-खाली उपसलं की हवा आत जाते आणि सूपवर फेस धरतो. नंतर गाळणं इथे सक्तीचं. विजेच्या मिक्सरच्या आधी फ्रेंच घरांत हे काम हाताने फिरवायच्या चाळणीयंत्रावर व्हायचं. जाँ मान्तले यांनी १९३२ साली भाजी गाळून लगदा करणारं तसं स्वस्त यंत्र आणलं आणि त्यातूनच पुढे मुलिनेक्स कंपनी उभी राहिली. त्या यंत्राचा पोत रेशमी नसतो, जरा भरड, घरगुती असतो. पण त्यात चोथा आपोआप मागे राहतो आणि फेस मुळीच येत नाही.

आता गाळणं. इथेच घरचं सूप आणि रेस्टॉरंटचं सूप वेगळं होतं, आणि इथेच लोक कंटाळतात. फ्रेंच स्वयंपाकघरात यासाठी शंकूच्या आकाराची बारीक जाळीची गाळणी असते, तिला 'शिनवा' म्हणतात. घरी स्टीलची बारीक जाळीची गोल गाळणीही चालेल. गर अजून दाट असतानाच त्यात घाला आणि थोडं राखून ठेवलेलं पाणी शिंपडा. मग लहान डाव घ्या आणि त्याची पाठ जाळीवर घासू नका. घासल्याने चोथा रेटून खाली उतरतो आणि जाळीही बुजते. डाव उभा धरून गाळणीच्या तळाशी हलकेच खाली-वर करा, पंपासारखा. प्रत्येक वेळी डाव वर आला की गर मागे ओढला जातो, जाळी मोकळी होते, आणि पुढच्या दाबाला दाट धार खाली उतरते. शेवटी गाळणीत दोन-तीन चमचे फिकट, कोरडासा चोथा उरेल. तो चिमटीत घेऊन बघा. आजवर जे जिभेला लागत होतं ते हेच. वाटीभर चोथा उरला तर समजा की भोपळा कमी शिजला होता. अशा वेळी तो चोथा थोड्या पाण्यात दहा मिनिटं पुन्हा शिजवून, वाटून, गाळा.

गाळलेला गर पातेल्यात घेऊन मंद आचेवर ठेवा आणि आता राखलेलं पाणी पळीपळीने घालत पातळ करा. हवं तिथे थांबता येतं, हाच या पद्धतीचा मोठा फायदा. चमचा बुडवून काढा, त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ स्पष्ट राहिली आणि कडेने सूप ओघळून ती बुजली नाही, तर बरोबर. त्याहून किंचित पातळच ठेवा, कारण सूप ताटलीत निवताना दाट होतं. शेगडीवर सरसरीत वाटलं की जेवताना नेमकं बसतं.

क्रीम आता, आच बंद करून. चरबी कमी असलेलं क्रीम गरम आणि आंबट यांत फाटतं आणि ते फाटलेलं जिभेवर पुन्हा कणीसारखंच लागतं, म्हणून ३० टक्के किंवा जास्त चरबीचं घ्या. फ्रेंच क्रेम फ्रेश मिळालं तर फारच छान, त्याचा हलका आंबटपणा भोपळ्याच्या गोडीला आवरतो. १०० मिलीलिटर पुरे. तुम्ही दुप्पट घातलं तेव्हा कणी गेली नाही, उलट भोपळ्याची चव दबली. क्रीमनंतर सूप उकळू नका.

मीठ शेवटचं क्रीमनंतरच ठरवा, कारण चरबी मिठाची धार बोथट करते. मग जायफळ, किसणीवर दोनदा फिरेल इतकंच. मिरी पांढरी, काळीचे ठिपके दिसतात. आणि लिंबाचा रस अर्धा चमचा. सूप नुसतं गोड आणि सपाट लागत असेल तर जवळजवळ नेहमी हेच कमी असतं. आंबट जाणवेल इतकं घालायचं नाही. घातल्यावर भोपळा अधिक भोपळ्यासारखा लागला की थांबायचं.

जुन्या पद्धतीचं व्हलुते करून बघायची हौस असेल तर क्रीमऐवजी बांधणी घाला. दोन अंड्यांचे बलक १०० मिलीलिटर क्रीममध्ये फेटा, त्यात एक-दोन पळ्या गरम सूप थेंबाथेंबाने मिसळा, मग ते मिश्रण पातेल्यात परत ओता आणि मंद आचेवर लाकडी चमच्याने हलवत ८० अंशांपर्यंत न्या. ८५ च्या पुढे गेलं की बलक आळून बारीक गुठळ्या होतात. थर्मामीटर नसेल तर हे करू नका. जमलं तर मात्र जो पोत येतो त्याला तोड नाही, पण ते सूप लगेच वाढावं लागतं, पुन्हा तापवता येत नाही.

दाटपणासाठी बटाटा घालावा का, हेही नेहमी विचारलं जातं. पाणचट पोतिरों असेल तर एखादा लहान, १०० ग्रॅमचा, चालतो. जास्त घातला आणि मिक्सर जोरात फिरला की बटाट्याचा स्टार्च फुटून सूप खळीसारखं चिकट होतं, आणि तो चिकटपणा काढायला उपाय नाही. त्याऐवजी दोन चमचे तांदूळ भोपळ्याबरोबरच शिजवा. तो पूर्ण विरघळतो, गाळणीतून उतरतो आणि स्वतःची चव देत नाही. बटरनटला दोन्हींची गरज नाही.

भोपळा भाजून घ्यावा का? भाजल्याने गोडी वाढते, पाणी उडतं, पण सुट्या फोडी भाजल्या की कडा कोरड्या, चामट होतात आणि त्यांचे तपकिरी कण सूपमध्ये उतरतात. भाजायचाच असेल तर भोपळा उभा दोन भाग करून, कापलेली बाजू खाली ठेवून २०० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं भाजा. साल वरून झाकणाचं काम करते आणि आतला गर ओलसर राहतो. मग चमच्याने काढून लीकबरोबर थोडा वेळ शिजवा आणि पुढे सगळं तसंच. ती चव वेगळी, जरा कॅरमेलची. मला साधी घाम फुटलेली चव जास्त आवडते, ती स्वच्छ असते.

आज घरात तुमचं रवाळ सूप तसंच पडलं असेल आणि त्यात क्रीम गेलेलं असेल, तर ते थंड करून गाळा, इतकंच शक्य आहे. क्रीम घालायच्या आधी लक्षात आलं तर सरळ मागे जा: वीस मिनिटं अजून शिजवा, निथळा, दाट वाटा, गाळा. वर फेस आला असेल तर पाच मिनिटं अगदी मंद आचेवर ठेवून चमच्याने काढून टाका. क्रीम फाटल्यासारखं दिसलं तर सूप मिक्सरमध्ये दोन चमचे गार क्रीमबरोबर अर्धा मिनिट फिरवा, बहुतेक वेळा सांधलं जातं.

वाढताना वर फार काही नको. बटरमध्ये सोनेरी तळलेले ब्रेडचे बारीक चौकोनी तुकडे, किंवा भाजून भरड केलेले हेझलनट आणि हेझलनटच्याच तेलाचे चार थेंब, किंवा शिजवलेल्या चेस्टनटचा चुरा. कुरकुरीत जे काही असेल ते वाढायच्या क्षणीच. ताटल्या गरम करून घ्या.

उरलं तर लवकर थंड करून फ्रीजमध्ये तीन दिवस राहतं. पुढच्यासाठी करून ठेवायचं असेल तर क्रीम न घालता, दाट गरच गोठवा. तीन महिने छान टिकतो. बर्फ वितळल्यावर त्यातून पाणी वेगळं होतं, त्याने घाबरू नका. गरम करून मिक्सरमध्ये एकदा फिरवलं की परत एकजीव होतो. तापवताना मात्र आच मंदच ठेवा आणि लाकडी चमचा बुडाला लावून सतत फिरवत राहा, कारण हा गर दाट आणि गोड असतो, पटकन बुडाला लागतो.